पटावरचा प्रभू

मराठी ख्रिस्ती घराची ओळख त्याच्या भिंतीवरून पटते. आमच्या हडपसर परिसरात घरे आशीर्वादित करण्यासाठी आम्ही जातो, तेव्हा बहुतेक ठिकाणी दारासमोरच्या भिंतीवर येशूच्या पवित्र हृदयाची तसबीर दिसते. प्रभूचे केस सोनेरी, डोळे निळसर, कांती गुलाबी. शेजारी पवित्र मरियामातेची तसबीर, तीही त्याच वळणाची. या तसबिरींपुढे दोन-तीन पिढ्यांनी गुडघे टेकले आहेत, आजारपणात आणि परीक्षेच्या दिवसांत दिवे लावले आहेत. म्हणून त्या आम्हांला पूज्यच आहेत. परंतु तसबिरीलाही इतिहास असतो. जी तसबीर आपल्या भिंतीवर आली तिला जसा तो असतो, तसाच जी कधी आली नाही तिलाही असतो. या लेखात आम्ही त्या न आलेल्या तसबिरीचा विचार करणार आहोत.

मराठी ख्रिस्ती वाङ्मयाचा आरंभ फार जुना आहे. फादर थॉमस स्टीफन्स या इंग्रज येशूसंघीय धर्मगुरूंचे ‘ख्रिस्तपुराण’ १६१६ साली गोव्यात छापले गेले. जवळजवळ अकरा हजार ओव्यांचा हा ग्रंथ. प्रभूची कथा सांगण्यासाठी फादरांनी ओवी निवडली, पुराणाचा घाट निवडला आणि गुरुशिष्यांच्या संवादाची आपल्याकडील रीत निवडली. पुढे एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी अभंग आणि कीर्तन ख्रिस्ती उपासनेत आणले. म्हणजे शब्दाने मराठी वेष चारशे वर्षांपूर्वीच धारण केला. चित्राने मात्र तो लवकर धारण केला नाही.

याला एक कारण कायद्याचे होते. १५६७ साली गोव्यात भरलेल्या पहिल्या प्रांतिक धर्मसभेने ख्रिस्तेतर कारागिरांनी ख्रिस्ती मूर्ती व चित्रे करू नयेत, असा निर्बंध घातला. ओवी लिहिणारा धर्मगुरू स्वतः ख्रिस्ती होता, त्यामुळे त्याला अडचण नव्हती; पण हस्तिदंत कोरणारा, लाकूड घडवणारा, भिंत रंगवणारा कारागीर बहुधा हिंदू होता. निर्बंध असूनही काम थांबले नाही, कारण कुशल हात त्यांचेच होते. सतराव्या शतकात गोव्यात कोरलेल्या हस्तिदंती ‘उत्तम मेंढपाळा’च्या मूर्ती पाहिल्या, म्हणजे याची साक्ष पटते. डोंगरावर बसलेला बाळ येशू, गाल हातावर टेकलेला, डोळे मिटलेले. त्या ध्यानस्थ मुद्रेत बुद्धमूर्तीची छाया स्पष्ट उमटली आहे. कारागिराच्या हाताला जे ठाऊक होते ते त्याने नकळत प्रभूला अर्पण केले.

दुसरे कारण यंत्राचे होते. एकोणिसाव्या शतकात रंगीत शिळाछापाची चित्रे स्वस्त झाली. युरोपातून ती गठ्ठ्यांनी येऊ लागली. राजा रविवर्मा यांनी १८९४ साली मुंबईत छापखाना काढला. तो पुढे आपल्या पुणे जिल्ह्यातील मळवलीस हलवण्यात आला आणि नंतर फ्रिट्झ श्लायशर या जर्मन तंत्रज्ञाच्या मालकीचा झाला. लक्ष्मी-सरस्वतीच्या तसबिरी ज्या शैलीत घराघरांत पोहोचल्या, ती शैलीही युरोपीय तैलचित्रांचीच होती. तेव्हा केवळ ख्रिस्ती घरानेच परकी तसबीर लावली असे नाही. सर्वांच्याच भिंतींवर एकाच वाऱ्याने झुळूक घातली होती. फरक इतकाच, की हिंदू देवतांना त्या शैलीत निदान नऊवारी लुगडे मिळाले. आमच्या प्रभूला तेही मिळाले नाही.

ह्या स्वस्त छापील चित्रांनी बंगालमध्ये एक जुनी कला मारली. कलकत्त्याच्या कालीघाट मंदिराबाहेर पटुआ नावाचे चित्रकार यात्रेकरूंसाठी गिरणीच्या कागदावर झपाट्याने चित्रे काढीत. जाड, वळणदार, एका दमात ओढलेली रेषा हे त्यांचे वैशिष्ट्य. छापील चित्र त्याहून स्वस्त पडू लागले, आणि विसाव्या शतकाच्या पहिल्या तिसऱ्या भागात कालीघाटचा बाजार उठला. खेड्यांतील पटुआ मात्र टिकले. कागदाची लांब गुंडाळी उलगडत, गाणे म्हणत, गावोगाव कथा सांगणारे हे लोक. त्यांपैकी अनेक कुटुंबे धर्माने मुसलमान. पण मनसादेवीची, रामाची, कृष्णाची कथा ती रंगवतात आणि गातात. आमच्या वाचकांना हे नवल वाटू नये. सिंधुदुर्गातील पिंगुळी गावचे ठाकर समाजाचे चित्रकथी तेच काम करीत आले आहेत. त्या गावच्या परशुराम गंगावणे यांना २०२१ साली पद्मश्री मिळाली, तेव्हा अनेक मराठी घरांनी चित्रकथी हा शब्द प्रथमच ऐकला.

मरू घातलेल्या या कलेकडे जो एक सुशिक्षित चित्रकार वळला, त्याचे नाव जामिनी राय. १८८७ साली बांकुरा जिल्ह्यातील बेलियातोर गावी त्यांचा जन्म झाला. कलकत्त्याच्या सरकारी कलाशाळेत त्यांनी युरोपीय पद्धतीचे रीतसर शिक्षण घेतले. श्रीमंतांची तैलरंगातील व्यक्तिचित्रे काढून त्यांचा चरितार्थ चांगला चालत असे. पण १९२० नंतरच्या दशकात त्यांना ते काम पोकळ वाटू लागले. दुसऱ्याच्या भाषेत आपण कितीही शुद्ध बोललो, तरी ते पाठांतरच राहते, असा काहीसा हा असमाधानाचा प्रकार होता. त्यांनी तैलरंग दूर ठेवले. कालीघाटचे पट, आपल्या जिल्ह्यातील पटुआंचे काम, विष्णुपूरच्या मंदिरांवरील भाजक्या मातीची शिल्पे, लहान मुलांची लाकडी खेळणी, यांचा अभ्यास त्यांनी नव्याने आरंभिला. वय चाळिशीच्या आसपास, पदरी संसार, आणि चालता व्यवसाय सोडून दिलेला. पुढील काही वर्षे त्यांच्या घरी ओढग्रस्त होती.

त्यांचे साहित्य कोणते होते हे आमच्या ग्रामीण भागातून आलेल्या वाचकांनी मुद्दाम लक्षात घ्यावे. चित्रकार ज्याला टेंपेरा म्हणतात त्या पद्धतीत कोरडी रंगपूड पाण्यात कालवून चिकट पदार्थाने बांधतात. तेल वापरत नाहीत. युरोपात जुन्या काळी अंड्याचा बलक घालीत. राय यांनी चिंचोक्यांची खळ घातली. धनगराच्या घोंगडीला हीच खळ देतात हे सोलापूर-नगरकडून आलेल्या कुटुंबांना सांगायला नको. रंग मोजके: तांबडी माती, पिवळी माती, हिंगूळ, नीळ, हिरवा, राखाडी आणि खडूचा पांढरा, असे सात, शिवाय रेषेसाठी दिव्याचे काजळ. कागद, कापड, चटई, चुना दिलेली फळी, जे मिळेल ते त्यांनी वापरले. तेलरंगाची चकाकी या रंगांना नाही. ते भिंतीवरच्या गेरूसारखे निवांत दिसतात. मध्ये सावली नाही, खोली नाही. सपाट रंग आणि त्याला वेढणारी एक दमदार काळी रेषा. माणसांचे डोळे मोठे, बदामाच्या आकाराचे, कधी कधी चेहऱ्याच्या कडेपर्यंत गेलेले.

याच रंगांनी राय यांनी प्रभू येशूची चित्रे काढली. मरियामाता आणि बाळ, मिसर देशाकडे पलायन, शेवटचे भोजन, क्रूसावरील मरण, असे विषय त्यांनी पुनःपुन्हा हाताळले. ते स्वतः ख्रिस्ती नव्हते, आणि पुढेही झाले नाहीत. मग त्यांनी हे का केले? स्वतःच्या जगण्यापासून दूर असलेला विषय आपल्या रेषेत मावतो की नाही हे त्यांना पाहावयाचे होते; आणि माणूसपण व देवपण एकाच आकृतीत दाखवायचे, तर हुबेहूब चित्रण उपयोगी पडत नाही, चिन्हाचाच आश्रय घ्यावा लागतो, अशी त्यांची धारणा होती. धर्मशास्त्र शिकलेल्या माणसाला हे वाक्य ऐकून क्षणभर थांबावे लागते. प्रभू संपूर्ण देव आणि संपूर्ण मानव आहे, हे कॅल्सेडन येथील परिषदेने इ. स. ४५१ मध्ये शब्दांत बांधले. चित्रात ते कसे बांधायचे हा प्रश्न बंगालच्या एका अख्रिस्ती चित्रकाराने स्वतःच्या वाटेने जाऊन गाठला.

त्यांच्या शेवटच्या भोजनाच्या चित्रात दा विंचीच्या चित्रातील खळबळ नाही. प्रभू मध्यभागी आहे. शिष्य दोन्ही बाजूंना ओळीने आहेत. सर्वांचे विशाल डोळे उघडे आहेत. कोणी हातवारे करीत नाही, कोणी दचकत नाही. आपल्याकडे पंगत बसते तशी ती मांडणी वाटते. वाट पाहणाऱ्या माणसांची शांतता तीत आहे. विश्वासघात घडणार हे त्या डोळ्यांना ठाऊक आहे, आणि तरीही भाकर मोडली जाणार आहे. आमच्या मते पवित्र मिस्साबलीचा भाव या स्थिरतेत जितका उतरला आहे, तितका कित्येक नाट्यमय चित्रांत उतरत नाही.

येथे एक आक्षेप येतो, आणि तो क्षुल्लक नाही. ज्याचा विश्वास नाही त्याने काढलेले चित्र उपासनेच्या जागी कसे चालेल? १५६७ सालच्या धर्मसभेच्या मनात हाच आक्षेप होता. आम्ही त्याला असे उत्तर देऊ. गोव्याच्या हस्तिदंती मूर्तींपुढे भाविकांनी तीनशे वर्षे प्रार्थना केली, तेव्हा कोरणाराचा बाप्तिस्म्याचा दाखला कोणी मागितला नाही. चीनमध्ये पोपमहोदयांचे प्रतिनिधी म्हणून गेलेले आर्चबिशप चेल्सो कोस्तांतिनी यांनी तेथील चित्रकारांना देशी शैलीत ख्रिस्ती विषय काढण्यास उत्तेजन दिले. त्यांतील चेन युआन-तू हे पेकिंगचे चित्रकार आधी अख्रिस्ती होते. मरियामातेची चित्रे काढता काढता १९३२ साली त्यांनी बाप्तिस्मा घेतला आणि चित्रकारांचा आश्रयदाता संत लूक याचे नाव धारण केले. राय यांनी तसे केले नाही. देव कोणाला कोठपर्यंत नेतो हे त्याचे त्याला ठाऊक. कृतज्ञतेने पाहावे एवढेच आपले काम.

बंगालची ही चळवळ महाराष्ट्रात मुळीच आली नाही असे मात्र नाही. ती दोन वाटांनी आली. पहिली वाट राष्ट्रीय सभेची. शांतिनिकेतनचे आचार्य नंदलाल बोस यांना गांधीजींनी १९३६ साली खानदेशातील फैजपूर अधिवेशनाची सजावट सोपवली. खेड्यात भरलेले राष्ट्रीय सभेचे हे पहिले अधिवेशन. नंदलालबाबूंनी बांबू आणि आसपास मिळणारे साधे सामान वापरून मंडप उभा केला. दोन वर्षांनी, १९३८ साली, गुजरातेतील हरिपुरा अधिवेशनासाठी त्यांनी व त्यांच्या शिष्यांनी पटुआंच्या धाटणीचे सुमारे चारशे फलक टेंपेरा पद्धतीने हातकागदावर रंगवले. ढोलकी वाजवणारा, धान्य कांडणारी, कुंभार, सुतार, अशी साधी माणसे त्या फलकांवर होती. ती चित्रे अधिवेशनाला येणाऱ्या शेतकऱ्यासाठी होती, श्रीमंताच्या दिवाणखान्यासाठी नव्हे.

दुसरी वाट आमच्या पुण्यात येऊन थांबली. आंजेलो द फोन्सेका हे गोव्यातील सांत इस्तेव येथील कॅथलिक घराण्यातले. जन्म १९०२. मुंबईच्या सर ज. जी. कलाशाळेत काही काळ शिकून त्यांनी बंगालची वाट धरली आणि अवनींद्रनाथ ठाकूर व नंदलाल बोस यांच्या हाताखाली ते तयार झाले. तिशीच्या उंबरठ्यावर ते गोव्यास परतले आणि भारतीय वेषातील येशू व मरिया रंगवू लागले. साडी नेसलेली देवमाता पाहून तेथील धर्ममंडळींना धक्का बसला. पोर्तुगीज अंमलाखालील समाजाला ती चित्रे अवमानकारक वाटली, आणि फोन्सेका यांना आपली भूमी सोडावी लागली.

त्यांना आसरा मिळाला तो शिवाजीनगरच्या ख्रिस्त प्रेम सेवा आश्रमात. आमच्या हडपसरपासून दहा-बारा किलोमीटरांवर. आश्रमाचे संस्थापक जॅक विन्स्लो हे अँग्लिकन धर्मगुरू. रेव्हरंड टिळकांचा त्यांच्यावर खोल प्रभाव होता. टिळकांचे चरित्रही त्यांनी लिहिले. १९२२ साली नगर जिल्ह्यात त्यांनी ख्रिस्त सेवा संघ स्थापला, आणि १९२७ च्या सुमारास तो पुण्यास आला. खादी, जमिनीवरची बैठक, शाकाहार, देशी उपासना, असे तेथील जीवन होते. गोव्याच्या कॅथलिक चित्रकाराला आपल्याच लोकांनी नाकारावे आणि इंग्रजांच्या पंथातील आश्रमाने जवळ करावे, हे त्या काळी साधे नव्हते. कॅथलिक व अँग्लिकन यांनी एकत्र प्रार्थना करणेही तेव्हा निषिद्ध मानले जाई. कॅथलिकांमध्येही त्यांना पाठीराखे लाभले. मुंबईच्या सेंट झेव्हिअर महाविद्यालयातील इतिहासकार फादर हेन्री हेरास यांनी भारतीय ख्रिस्ती कलेचा कैवार घेतला आणि फोन्सेका यांना प्रोत्साहन दिले. १९६७ च्या डिसेंबरात, नाताळाच्या अठवड्यात, फोन्सेका पुण्यातच निवर्तले. त्यांच्या चित्रांचा मोठा संग्रह त्यांच्या पत्नी आयव्ही यांनी पुढे पर्वरी येथील झेव्हिअर इतिहास संशोधन केंद्राच्या स्वाधीन केला. ज्या गोव्याने चित्रकाराला दूर लोटले होते, तेथेच त्याची चित्रे परतली.

राय आणि फोन्सेका यांना शेजारी ठेवून पाहिले, की एक महत्त्वाचा भेद ध्यानात येतो. फोन्सेका यांची कला प्रामुख्याने जलरंगांची, अजिंठ्याच्या आणि मोगल लघुचित्रांच्या संस्कारांत वाढलेली. रेषा नाजूक, रंग धुक्यासारखे विरघळलेले. त्यांचा ख्रिस्त अनेकदा भगवी वस्त्रे ल्यालेला संन्यासी किंवा गुरू असतो. राय यांचा ख्रिस्त खेड्यातल्या पटावरून उतरून आलेला आहे. दोघेही भारतीय खरेच. परंतु ‘भारतीय’ म्हणजे कोणाचे, हा प्रश्न महाराष्ट्रातील ख्रिस्ती समाजाला टाळता येत नाही.

आमच्या धर्मग्रामातील बहुसंख्य कुटुंबांचे पूर्वज नगर, जालना, सोलापूरकडच्या गावकुसाबाहेरून आले. मंदिराची पायरी त्यांना बंद होती. संन्यासाचा अधिकार त्यांना नव्हता. संस्कृत त्यांच्या कानांवर पडू दिले जात नव्हते. अशा घरातील एखाद्या आजीबाईंना भगव्या वस्त्रातील ध्यानस्थ ख्रिस्त दाखवावा आणि ‘हा तुमचा स्वदेशी प्रभू’ असे सांगावे, तर त्यांनी मान हलवली नाही म्हणून रागावता येणार नाही. निळ्या डोळ्यांची तसबीर परकी असली, तरी ती घेऊन येणाऱ्या मिशनऱ्याने त्यांना शेजारी बसवले होते. त्या तसबिरीवरील प्रेमात ही कृतज्ञता मिसळलेली आहे. देशीकरणाचा उपदेश करणाऱ्यांनी हे विसरू नये. धर्मग्रामातील माणूस बदलाला भितो म्हणून नव्हे, तर त्याला आपला अपमान आठवतो म्हणूनही तो कधी कधी नकार देतो.

म्हणूनच पटाची वाट आम्हांला अधिक मोकळी वाटते. पट काढणारा पटुआ, चित्रकथी ठाकर, भिंतीवर तांदळाच्या पिठाने लग्नाचा चौक रेखणारी वारली सुवासिनी, हे सगळे कोणाच्या परवानगीने चित्र काढीत नव्हते. त्यांच्या रंगांना ना सोवळे ना ओवळे. माती, काजळ, खळ ही गावकुसाच्या आत जितकी होती तितकीच बाहेरही होती. नासरेथच्या सुताराचा मुलगा या रंगांत अवघडून बसत नाही. अर्थात येथेही सावध राहावे. राय यांची चित्रे कलकत्त्याच्या सुखवस्तू रसिकांनी, युद्धकाळी आलेल्या गोऱ्या अधिकाऱ्यांनी आणि परदेशी संग्राहकांनी विकत घेतली. ज्यांच्यापासून ते शिकले ते पटुआ मात्र गरीबच राहिले. राय यांना याची जाणीव असावी. चित्रांचे मोल त्यांनी अगदी कमी ठेवले, घरातल्या माणसांना हाताशी घेऊन एकाच चित्राच्या अनेक प्रती काढल्या, मूळ आणि प्रत हा भेद मानला नाही. सामान्य घरात चित्र जावे असा त्यांचा हेतू होता. १९७२ साली त्यांचे निधन झाले. १९७६ साली त्यांची कला राष्ट्रीय ठेवा म्हणून घोषित झाली. आज त्यांची मूळ चित्रे सामान्य घराच्या आवाक्यात राहिलेली नाहीत.

पवित्र ख्रिस्तसभेने आपला निर्णय केव्हाच दिला आहे. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६३ साली उपासनेविषयीच्या संविधानात स्पष्ट केले, की कोणतीही एक कलाशैली ख्रिस्तसभेने आपली म्हणून राखून ठेवलेली नाही. प्रत्येक काळाची व प्रत्येक लोकसमूहाची कला तिला मान्य आहे, मात्र ती उपासनेचा आदर राखणारी असावी. १९६९ साली भारतीय उपासनेसाठी अंजली, आरती, जमिनीवरची बैठक यांना मान्यता मिळाली. याला अर्धशतक लोटले. आरती आणि भजन आपल्या मिस्सेत रुळले; त्यांना आता कोणी परके म्हणत नाही. चित्र मात्र अजून उंबरठ्याबाहेर उभे आहे. कान लवकर शिकतो, डोळा उशिरा शिकतो, हेच खरे.

डोळ्याला शिकवायचे कसे? फर्मानाने नव्हे. जुनी तसबीर उतरवण्यास आम्ही कोणालाही सांगणार नाही. जिच्यापुढे आईने अखेरचा श्वास सोडला, ती तसबीर कलेच्या तत्त्वासाठी काढून टाकणे क्रूरपणाचे होईल. पण तिच्या शेजारी जागा आहे. नाताळाचा गोठा दरवर्षी नव्याने उभारला जातो, आणि प्लास्टरच्या विकतच्या मूर्तींनाच तेथे मक्तेदारी असावी असे कोठे लिहिलेले नाही. क्रूसवाटेची चौदा स्थाने उपवासकाळात दर शुक्रवारी आपण चालतो. ती चौदा चित्रे धर्मग्रामातील मुलांनी गेरू, काजळ आणि खळ कालवून जाड कागदावर का काढू नयेत? आपल्या मुलींचे हात रांगोळीत आणि मेंदीत तरबेज आहेत. एका दमात रेषा ओढण्याचे शिक्षण त्यांना वेगळे द्यावे लागणार नाही. चित्रे ओबडधोबड होतील. कालीघाटचे पटही सफाईसाठी प्रसिद्ध नव्हते.

अशा चित्रांत सायमन कुरेनेकर प्रभूचा क्रूस उचलताना कोणासारखा दिसेल, हे आम्ही सांगू शकत नाही. बाजारात पोती वाहणाऱ्या एखाद्या हमालासारखा दिसेल, की औद्योगिक वसाहतीतून पाळी संपवून परतणाऱ्या बापासारखा? वेरोनिकेच्या डोक्यावर पदर असेल काय? हे ती मुलेच ठरवतील. प्रभूचा चेहरा पुसून ज्या कापडावर तो उमटला ते कापड एका साध्या स्त्रीचे होते, असे आपली परंपरा सांगते. ते कोणत्या गावच्या मागावर विणले होते हे तिने कोठेही नोंदवलेले नाही.